एक्सलचा बूट फाटला तर: बूट आणि पूर्ण एक्सल घरी बदलण्याची रीत

स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, गाडी बंद करा आणि पुढच्या चाकामागे वाकून टॉर्च मारा. चाकाकडे जाणाऱ्या लोखंडी दांड्याच्या टोकाला काळ्या रबराची, भात्यासारखी घड्याघड्यांची टोपी दिसेल. हा दांडा म्हणजे एक्सल आणि ही टोपी म्हणजे त्याचा बूट. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सजवळ, असाच आणखी एक असतो. बूट नुसता धुळीने माखलेला असेल तर काळजी नाही. पण रिमच्या आतल्या अंगाला, ब्रेकच्या नळीवर आणि शॉकअबच्या बुडाशी काळ्या ग्रीसचे शिंतोडे ओळीने उडालेले दिसले तर बूट फाटलाच समजा. मग या कामाला पुढच्या महिन्यावर ढकलू नका. या आठवड्यात बूट बदलला तर त्याच्या आतला सांधा, म्हणजे जॉइंट, वाचतो. दोन महिने तसंच चालवलं तर पूर्ण एक्सल घ्यावा लागतो.

बुटाच्या आत काय असतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहसा सहा पोलादी छर्रे असतात. ते एका केजमध्ये बसून आतल्या-बाहेरच्या खोबणींत फिरतात. त्यामुळे चाक ४५ अंशांच्या आसपास वळलं तरी एक्सलचा वेग कमी-जास्त होत नाही. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत तीन पायांचा ट्रायपॉड असतो आणि प्रत्येक पायावर एक रोलर. हा जॉइंट फार वळत नाही, पण चाक खड्ड्यात खाली-वर झालं की आत-बाहेर सरकतो. दोन्ही जॉइंट ग्रीसमध्ये बुडालेले असतात, चाकाकडचा बहुधा मॉलिब्डेनमच्या काळ्या ग्रीसमध्ये. बुटाचं काम एवढंच: ग्रीस आत राखायचं, माती बाहेर.

हे सगळं पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे: अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो, सँट्रो, आय१०, आय२०, टियागो, इंडिका. ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात मागच्या चाकांना ताकद जायची, म्हणून जुन्या कारागिरांचा हात मागे जाणाऱ्या दांड्याच्या क्रॉस जॉइंटवर बसलेला होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यानंतर हा छर्ऱ्यांचा जॉइंट घरोघरी पोचला. ईको किंवा टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो असेल तर पुढच्या चाकाला एक्सलच नसतो. तिथे हा लेख कामाचा नाही.

आपल्याकडे बूट लवकर का जातो

भुसावळ-जळगावचा मे महिना रबराला सोसत नाही. पारा ४५ च्या आसपास असताना उन्हात उभ्या गाडीचं रबर वर्षागणिक कडक होत जातं. चीर आधी घडीच्या खोलगट भागात पडते, वरून बघून ती दिसत नाही. म्हणून बूट तपासताना घडी बोटांनी उघडून बघायची.

पावसाळ्यात वेगळाच त्रास. कापसाच्या काळ्या जमिनीतली माती ओली असताना चाकाच्या आत थापली जाते आणि दोन दिवसांच्या उन्हात विटेसारखी घट्ट होते. मग सकाळी स्टेअरिंग वळवलं की ते ढेकूळ बुटाच्या घड्या ओढतं. शिवारातून आल्यावर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने आतली माती सोडवा. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याचं तोंड मात्र बुटाच्या कडेवर धरू नका, पाणी बूट आवळणाऱ्या क्लिपखालून आत शिरतं.

कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी कापतात, तेव्हा मागे तिरपे, टोकदार खुंट उरतात. त्या वावरातून गाडी नेली की बुटाला आडवी चीर ठरलेली. रावेर-यावल-चोपड्याकडे केळीच्या बागांतली ठिबकची जुनी नळी, सुतळी आणि नायलॉनची दोरी हे आणखी वाईट. दोरी एक्सलभोवती गुंडाळत जाते, बूट कापते आणि गिअरबॉक्सचं तेल आत अडवणाऱ्या सीलपर्यंत पोचते. बूट बदलायला घेतल्यावर आतल्या टोकाला दोरी गुंडाळलेली सापडली तर ऑइल सीलही त्याच वेळी बदला.

बूट पुरेल की एक्सलच घ्यायचा?

हा निर्णय पाना हातात घेण्याआधी करायचा. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरा, मग उजवीकडे. अहिराणीत गिऱ्हाईक गॅरेजवाल्याला सांगतं, ‘गाडी वयतांना कटकट करस’, ती हीच कटकट. ठरावीक लयीत कट-कट-कट आवाज आला तर चाकाकडच्या जॉइंटच्या खोबणीत खड्डे पडलेत. नव्या बुटाने ते भरून निघत नाहीत, तिथे एक्सल किंवा निदान तो जॉइंट बदलावाच लागतो. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताना पुढून थरथर येते आणि पाय काढला की थांबते, असं असेल तर आतल्या जॉइंटवर संशय घ्या. फक्त ठरावीक वेगावर, पाय काढल्यावरही स्टेअरिंग हलत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून बघा.

आवाज काहीच नसेल तर ग्रीस तपासा. फाटलेल्या जागेतून बोटभर ग्रीस काढा आणि अंगठा-तर्जनीत चोळा. मऊ, लोण्यासारखं लागलं तर जॉइंट चांगला आहे, बूट बदलून काम भागेल. बारीक रवा चोळल्यासारखं लागलं तर माती आत गेली आहे. ग्रीसमध्ये मिसळलेली ती माती छर्ऱ्यांना पॉलिश पेपरसारखी घासत असते. तरी लगेच आशा सोडू नका. जॉइंट उघडून धुतल्यावर छर्रे आणि खोबण्या आरशासारख्या चकचकीत असतील तर जॉइंट वापरता येतो. बोटाच्या नखाला अडेल असा खड्डा असेल तर नाही. ग्रीस राखाडी-पांढुरकं दिसलं तर पाणी गेलं आहे, गंजाचे ठिपके शोधा.

आमचं मत असं: गाडी लाखभर किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली असेल आणि चाकाकडचा बूट कधीचा फाटलाय ते माहीत नसेल, तर पूर्ण एक्सल घ्या. काम निम्म्यावर येतं, जॉइंट उघडायची दगदग नाही. फक्त अगदी स्वस्त, बिननावाचा एक्सल घेऊ नका. त्यातला आतला जॉइंट नवाकोरा असतानाच थरथरतो असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. जुना मूळ एक्सल चांगल्या बुटासह त्यापेक्षा जास्त दिवस टिकतो.

काय काय आणायचं

बूट किटमध्ये बूट, एक मोठी आणि एक लहान क्लिप, ग्रीसची पुडी आणि सर्कलिप (दांड्याच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असायला हवी. दुकानात गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल, एबीएस आहे की नाही आणि ‘चाकाकडचा’ की ‘गिअरबॉक्सकडचा’ हे सांगा. जमलं तर जुना बूटच दाखवा. डाव्या आणि उजव्या बाजूचे एक्सल सहसा एका लांबीचे नसतात, त्यामुळे पूर्ण एक्सल घेताना बाजूही सांगा. बसवण्याआधी जुना-नवा शेजारी ठेवून चार गोष्टी जुळवा: लांबी, दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या, सील बसते त्या भागाची जाडी आणि एबीएसची दातेरी रिंग असेल तर तिचे दाते. रिंग चुकली तर एबीएसचा दिवा पेटून राहतो.

याशिवाय नवा हब नट, म्हणजे चाकाच्या मध्यभागी एक्सल धरणारा मोठा नट (किंवा स्प्लिट पिन), गिअरबॉक्सचं एक्सल ऑइल सील आणि गिअर ऑइल लागेल. लहान गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला साधारण २ ते २.५ लिटर लागतं. बहुतेकांना जीएल-४ दर्जाचं ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, पण खात्री गाडीच्या पुस्तकातून करा. ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी गाडीत वेगळं तेल असतं आणि त्याची पातळी मोजायची रीतही वेगळी. तशा गाडीवर पहिला प्रयोग नको.

ग्रीसच्या बाबतीत तडजोड करू नका. ट्रॅक्टरच्या निप्पलमध्ये भरायचं पिवळं ग्रीस घरात असतंच, पण ते या जॉइंटला चालत नाही. छर्रा आणि खोबण यांच्यातला दाब फार मोठा असतो, तिथे मॉलिब्डेनमचा थरच टिकतो. लहान गाडीच्या एका जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम लागतं. किटमधली पुडी त्या जॉइंटच्या मापाची असते, ती पूर्ण वापरायची.

हत्यारांत: जॅक, दोन भक्कम स्टँड, अर्धा इंच चौकोनाचा लांब दांडा, हब नटाची गोटी, म्हणजे सॉकेट (लहान गाड्यांत बहुधा ३० किंवा ३२ मिमी), चाकाच्या नटांचा पाना (मारुतीला १९, ह्युंदाईला २१), १२, १४ आणि १७ च्या गोट्या, टॉमी (लांब लोखंडी पहार), सर्कलिपची पकड, क्लिप आवळायची पकड, रबरी किंवा तांब्याचा हातोडा, छिन्नी, टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा), तेलाचं घमेलं, रॉकेल किंवा डिझेल, स्वच्छ सुती कापड, हातमोजे, चष्मा. टॉर्क पाना विकत घ्यायचा नसेल तर कुणाकडून एका दिवसापुरता मागून आणा, पण शेवटचा हब नट अंदाजाने आवळू नका.

पहिली पायरी: चाक जमिनीवर असताना

उन्हाळ्यात पहाटे सुरू करा. अकरानंतर पाने हातात धरवत नाहीत. पहिल्यांदा करणाऱ्याला एका बाजूला चार ते सहा तास लागतील असं धरा. जागा काँक्रीटची असेल तर उत्तम. मातीच्या अंगणात स्टँड थेट ठेवू नका, तो रुततो. शहाबादी फरशीवरही नको, फरशी मधोमध तडकते. दोन इंच जाडीची लाकडी फळी टाका.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावा. चाकाच्या मधली टोपी काढा. आत हब नट दिसेल. त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असेल तर बारीक छिन्नीने ती वर उचला. स्प्लिट पिन असेल तर सरळ करून ओढून काढा. हे न करता नट फिरवला तर शाफ्टचे आटे जातात.

आता एकाला ब्रेकवर बसवा आणि लांब दांड्याने नट जागेवरून सुटेल एवढाच, पाव फेरा, सैल करा. हे गाडी जमिनीवर असतानाच का? कारण या नटाला १७५ ते २५० न्यूटन मीटर इतका आवळ असतो. २०० म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे २० किलोचा जोर, अर्ध्या मीटरवर ४० किलो. स्टँडवर चढवलेल्या गाडीवर एवढा हिसका दिला तर गाडी खाली येऊ शकते. नट सुटत नसेल तर आटे धुऊन गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि अर्धा तास थांबा. दांड्यावर उड्या मारू नका, एक सलग जोर द्या.

मग चाकाचे नट थोडे सैल करा, जॅक लावा, ठरलेल्या जागी स्टँड लावा आणि गाडी हलवून बघा. चाक काढून ते आडवं गाडीच्या खाली सरकवा. स्टँड दगा देऊन गाडी खाली आलीच, तर ती त्या चाकावर येईल, तुमच्यावर नाही. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

दुसरी पायरी: एक्सल मोकळा करणं

गिअर ऑइल काढणार असाल तर भरायचा बोल्ट आधी उघडा, मगच खालचा. खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी राहते. काढलेलं तेल डब्यात भरून ठेवा, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.

एक्सल बाहेर यायला चाकाचा नकल (हब धरून ठेवणारा जाड लोखंडी भाग) बाहेरच्या बाजूला झुकला पाहिजे. त्यासाठी दोन वाटा आहेत. शॉकअबचे दोन बोल्ट काढले तर काम सोपं होतं, पण चाकाचा झुकाव बदलू शकतो आणि नंतर अलाइनमेंट करावं लागतं. म्हणून आम्ही खालचा बॉल जॉइंट (नकल आणि लोअर आर्म जोडणारा सांधा) सोडवण्याच्या बाजूचे आहोत. बऱ्याच मारुती गाड्यांत नकलमधून एक आडवा बोल्ट बॉल जॉइंटच्या दांडीला धरून असतो. तो नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण दांडीला त्या बोल्टसाठी खाच असते. मग लोअर आर्मवर लांब टॉमीने खाली दाब दिला की दांडी सुटते. बॉल जॉइंटच्या रबरावर हातोडा लागू देऊ नका. हा बोल्ट गंजलेला असेल तर आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवा. घाईत तुटला तर ड्रिल करण्यात दिवस जातो.

ब्रेकच्या नळीचा क्लॅम्प आणि एबीएस सेन्सरची वायर सोडवा, दोन्हींवर ताण येता कामा नये. कॅलिपर काढलाच तर तो तारेने स्प्रिंगला बांधा. नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

हब नट आता शाफ्टच्या टोकाशी समपातळीवर आणा आणि त्यावर रबरी हातोड्याने ठोका. दाते सुटले की नट काढा, नकल बाहेर झुकवा आणि शाफ्ट आत सरकवत मोकळा करा. उघड्या आट्यांवर लोखंडी हातोडा मारलात तर टोक पसरतं आणि नवा नट बसत नाही.

आतलं टोक काढताना सगळ्यात जास्त चुका होतात. मधला दांडा धरून ओढायचं नाही. दांडा ओढला की ट्रायपॉड आतल्या कपातून, म्हणजे तो ज्या वाटीत बसतो तिच्यातून, निसटतो, चांगला बूटही फाटतो आणि कप गिअरबॉक्समध्येच राहतो. टॉमी कपाच्या कडेला आणि गिअरबॉक्सच्या भक्कम भागाला टेकवा आणि एक छोटा, तुटक हिसका द्या. आत शाफ्टवर सर्कलिप असते, ती दबून सुटायला हिसकाच लागतो, हळूहळू रेटून उपयोग नसतो. टॉमीचं टोक फार खोल घालू नका, सील कापलं जातं. काही गाड्यांत उजव्या बाजूला मध्ये बेअरिंगचा ब्रॅकेट असतो, त्याचे बोल्ट आधी काढा. खाली घमेलं ठेवा, थोडं तेल येणारच. दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये आतले डिफरन्शियलचे गिअर आधार गेल्यावर जागा सोडतात आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी येते.

एक्सल बाहेर असताना गाडी चाकांवर ढकलूही नका. हब बेअरिंगला एक्सलचाच आवळ असतो. तो नसताना वजन पडलं की बेअरिंग खराब होतं.

तिसरी पायरी: बूट बदलणं

पूर्ण एक्सल आणला असेल तर ही पायरी सोडा.

आतल्या बुटाच्या दोन क्लिपांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा, ते पुढे लागेल. मग जुन्या क्लिपा कापा, बूट कापून काढा, ग्रीस पुसून घ्या.

चाकाकडचा जॉइंट काही गाड्यांत शाफ्टवरच्या लहान सर्कलिपवर अडकलेला असतो. शाफ्ट वाइसमध्ये लाकडी ठोकळ्यांमध्ये धरा आणि जॉइंटच्या आतल्या रिंगवर तांब्याच्या हातोड्याने एक नेमका, जोराचा फटका द्या. हलके शंभर फटके सर्कलिप वाकवतात, एक जोराचा तिला सोडवतो. पण मारुतीच्या अनेक मॉडेलांत हा बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून काढायचाच नसतो. तिथे आतला जॉइंट उघडून दोन्ही बूट त्या बाजूने सरकवायचे: कप आणि शाफ्टवर रंगाने खूण करा, कप ओढून घ्या, ट्रायपॉडवरची सर्कलिप पकडीने काढा, ट्रायपॉड आणि शाफ्ट यांवरही खूण करा आणि ट्रायपॉड हलक्या हाताने ठोकून काढा. रोलर पायावरून घसरू नयेत म्हणून आधीच टेप गुंडाळा, आतल्या बारीक सुया एकदा सांडल्या की मोजत बसावं लागतं. काही गाड्यांत आतही छर्ऱ्यांचाच जॉइंट असतो. त्याच्या कपाच्या तोंडाशी तारेची मोठी कडी असते, ती काढली की छर्ऱ्यांचा संच बाहेर येतो.

या वाटेने जाणार असाल तर दोन्ही बूट बदला. सगळं उघडलेलं असताना जुना बूट परत घालण्यात काही वाचत नाही.

रॉकेलमध्ये जॉइंट धुवा, ब्रशने खोबण्या घासा, प्रत्येक छर्रा वळवून बघा. मग पूर्ण कोरडा होऊ द्या. राहिलेलं रॉकेल नवं ग्रीस पातळ करतं आणि रबर फुगवतं. पुसायला धागे सुटणारं कापड वापरू नका.

नवा बूट सरकवण्याआधी शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर दात्यांची धार बुटाचं लहान तोंड आतून खरवडते. क्रम लक्षात ठेवा: आधी लहान क्लिप, मग बूट, मग जॉइंट. क्लिप विसरून जॉइंट बसवला की सगळं परत उघडावं लागतं, आणि नवशिक्याची ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ट्रायपॉड खुणेवर बसवा, नवी सर्कलिप लावा आणि ती खाचेत पूर्ण बसली का ते फिरवून बघा. निम्मं ग्रीस जॉइंटमध्ये बोटाने दाबून छर्ऱ्यांच्या किंवा रोलरच्या मागे पोचेपर्यंत भरा, उरलेलं बुटात.

बुटाची दोन्ही तोंडं त्यांच्या खाचेत बसवा. त्या खाचेत ग्रीस राहू देऊ नका, पुसून कोरडी करा, नाहीतर बूट क्लिपखाली फिरतो. आतला जॉइंट मघाशी मोजलेल्या लांबीवर आणा. मग बोथट स्क्रूड्रायव्हर लहान तोंडाखाली अलगद घालून क्षणभर कड उचला. आत अडकलेली हवा फुस्स करून निघेल आणि घड्या सारख्या उभ्या राहतील. हवा राहिली तर गाडी तापल्यावर बूट फुगतो, आत पोकळी झाली तर एक घडी आत ओढली जाते आणि शाफ्टवर घासून आठवडाभरात फाटते. घड्या सारख्या आहेत ना, हे डोळ्यांनी बघूनच क्लिप आवळा.

क्लिप इतकी आवळा की बूट हाताने जागेवर फिरणार नाही, पण रबरात रुतणारही नाही. प्लॅस्टिकची पट्टी किंवा बाइंडिंगची तार चालत नाही. पट्टी उष्णतेने सैल होते, तार रबर कापते. बाजारात उभा चिरलेला, एक्सल न काढता चिकटवायचा बूटही मिळतो. अडचणीच्या वेळी गाडी घरापर्यंत आणायला तो ठीक, कायमचा उपाय म्हणून नाही. त्याची शिवण काळ्या मातीत फार टिकत नाही.

चौथी पायरी: परत बसवणं

जुनं सील टोकाने उचकटून काढा, नवं सील जुन्याच खोलीवर सरळ ठोकून बसवा, त्याच्या ओठाला गिअर ऑइल लावा. शाफ्टच्या टोकाची सर्कलिप नवी घाला, तिला थोडं ग्रीस लावून मध्यावर बसवा आणि तिचं उघडं तोंड खाली ठेवा. एक्सल दोन्ही हातांनी सरळ धरून दाते जुळवा आणि आत ढकला. दाते सीलच्या ओठावर घासू नयेत म्हणून वजन हातावर तोला. शेवटच्या टप्प्यात ‘टक्’ असा आवाज येतो किंवा हाताला जाणवतो. मग कप धरून, दांडा नव्हे, बाहेर ओढून बघा. निघाला नाही तर बसला. टक् जाणवलं नाही तर पुढे जाऊ नका. अर्धवट बसलेला एक्सल घाटात किंवा मोठ्या खड्ड्यात बाहेर येतो आणि सगळं तेल सोडतो.

बाहेरचं टोक हबमध्ये घाला, नवा नट हाताने चढवा. बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये पूर्ण वर ढकला म्हणजे तिची खाच बोल्टच्या छिद्रासमोर येईल. बोल्ट हाताने सरकला पाहिजे. ठोकून घालावा लागत असेल तर दांडी वर गेलेली नाही. तो पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे आवळा. हा बोल्ट सैल राहिला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होऊ शकतं, म्हणून आवळल्यावर त्यावर रंगाची खूण करा.

ब्रेकची नळी, सेन्सरची वायर, कॅलिपर जागेवर लावा. मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगून हब नट हवेतच जमेल तेवढा आवळा, मग चाक बसवून गाडी खाली घ्या आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत द्या. नटाची कड खाचेत ठोका, किंवा नवी स्प्लिट पिन घाला. पिनेचं छिद्र जुळत नसेल तर नट थोडा पुढे न्या, मागे नको. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, लहान गाड्यांत बहुतेक ८५ ते ११० न्यूटन मीटर.

गाडी सपाट जागेवर असताना गिअर ऑइल भरा. भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेतून तेल ओघळू लागलं की पातळी झाली. बोल्टचं वायसर नवं लावा.

चालवून बघणं

सुरुवातीला ब्रेकचं पेडल दोन-चार वेळा दाबा. कॅलिपर हलवला असेल तर पहिला दाब पोकळ लागतो. मग मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गोल फिरा. कटकट आली तर जॉइंट आधीच गेलेला होता. गिअर टाकताना ‘ठक्’ आवाज आला तर हब नट आणि बॉल जॉइंटचा बोल्ट पुन्हा बघा. ६०-७० च्या वेगावर गुंजन येऊ लागली आणि वळणावर ती बदलत असेल, तर काम करताना हब बेअरिंगला मार बसला आहे.

घरी येऊन गिअरबॉक्सच्या सीलखाली पुठ्ठा टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी थेंब असेल तर सीलचा ओठ दुमडला आहे. १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि नव्या बुटाच्या क्लिपाभोवती बोट फिरवा. पहिल्या दिवशी बाहेरून राहिलेलं ग्रीस थोडं लागेल. ते पुसून टाका. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोट फिरवाल तेव्हा ते कोरडं निघालं पाहिजे. पुन्हा काळं झालं तर ती क्लिप सैल आहे, आणि क्लिप बदलायला एक्सल काढावा लागत नाही.